आधी ओळ वाचायची, मग फोन लावायचा : गृहउद्योग मशीनच्या लीडच्या नोंदी (मार्च ते मे २०२५)

३ मार्च, सोमवार

जळगावात अजिंठा चौफुलीकडे आमचा गाळा आहे. पापडाचं मशीन, शेवयांचं मशीन, पल्व्हरायझर म्हणजे मसाला-धान्य भरडायचं यंत्र, घरगुती चक्की. गिऱ्हाईक बहुतेक बाया. कुणी उडदाचे पापड करून विकते, कुणाला मसाला कांडायला घ्यायचाय, कुणी अजून नुसतीच विचारात आहे. आधी गिऱ्हाईक पायाने चालत यायचं. आता फेसबुकवर जाहिरात दिली की फॉर्म भरून नावं येतात. त्यांना लीड म्हणायचं असं पुतण्याने शिकवलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत रोजचे ३०० याप्रमाणे ३,००० रुपये जाहिरातीला गेले. ६१ लीड आल्या, म्हणजे एक ४९ रुपयांना पडली. पुतण्याने आणि मी दोन दिवसांत सगळ्या ६१ जणींना फोन लावले. २३ जणींनी उचललाच नाही. ९ जणी म्हणाल्या, आम्ही काही भरलंच नाही. ४ ठिकाणी पुरुषांनी झापलं. मशीन विकलं गेलं : शून्य.

पुतण्याचं म्हणणं, लीडच फालतू. मला तसं वाटत नाही. दुकानात बाई आली की मी आधी तिच्या हातातली पिशवी बघते, सोबत कोण आलंय ते बघते, ती कोणत्या मशीनपाशी थांबली ते बघते, मग तोंड उघडते. फोनवर मात्र आम्ही आकडे बघून नुसतं दाबत सुटलो. तर आता ठरवलं, लीडची ओळ पूर्ण वाचल्याशिवाय फोन नाही. कुणाला असंच काम करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते.

५ मार्च

अर्धा दिवस पाण्यात. फेसबुकवरून उतरवलेल्या फाइलीत प्रत्येक फोन नंबरच्या आधी इंग्रजी 'पी' आणि दोन टिंबं असतात, पिनकोडच्या आधी 'झेड' आणि दोन टिंबं. पुतण्याला ते घाण वाटलं. त्याने शोधा-बदला करून सगळे 'पी' उडवले आणि फाइल तशीच सीएसव्हीत, म्हणजे नुसत्या मजकुराच्या साध्या फाइलीत, सेव्ह केली. पुन्हा उघडली तर नंबरांच्या जागी ९.१९ई+११ वगैरे. त्या 'पी'मुळेच एक्सेल नंबरला अक्षरं समजत होतं. 'पी' गेला, तो आकडा झाला, मोठा म्हणून एक्सेलने आखडून दाखवला, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच सेव्ह होतं. मागचे आकडे गेले ते गेले.

फेसबुक लीड ९० दिवस ठेवतं, म्हणून पुन्हा उतरवता आल्या. पण मधल्या वेळात आम्ही शेजारच्या रकान्यात पेन्सिलीने लिहावं तसे जे शेरे टाइप केले होते ते जुन्या फाइलीत, आणि आता कोणता शेरा कुणाचा ते कळेना. १७ शेरे आठवून लिहिले, बाकी सोडले.

आता नियम असा. उतरवलेल्या मूळ फाइलीला हात लावायचा नाही. तिची नक्कल करायची, नंबरचा रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा, मग काय ती साफसफाई.

६ मार्च

'आम्ही भरलंच नाही' म्हणणाऱ्या ९ जणी खोटं बोलत नव्हत्या. मी स्वतःच्या मोबाइलवर आमचीच जाहिरात उघडून बघितली. बटण दाबलं की फॉर्म उघडतो तोच भरलेला. नाव, फोन, शहर सगळं खात्यातून उचलून आधीच लिहिलेलं. दोनदा अंगठा टेकवला की झाली लीड. भाजी चिरता चिरता होऊ शकते, पोराच्या हातूनही होऊ शकते.

यातून तीन गोष्टी निघतात. नाव म्हणजे खात्याचं नाव, बोलणाऱ्या माणसाचं असेलच असं नाही. नंबर म्हणजे खातं काढलं तेव्हाचा नंबर, तो नवऱ्याचा असू शकतो, बंदही असू शकतो. आणि शहर म्हणजे प्रोफाइलला कधीकाळी लिहिलेलं शहर.

शहरावरून मी मागच्या आठवड्यात सहा जणींना 'सुरत, आपल्या कामाची नाही' म्हणून काट मारली होती. आज त्यातल्या दोघींना लावून बघितलं. एक नंदुरबारजवळ राहते. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता तेव्हा तिथे होती, चार वर्षं झाली परत येऊन. खान्देशातल्या अर्ध्या घरांचं एक पाऊल सुरतेत असतं हे मला कुणी सांगायला हवं होतं का? माझा स्वतःचा मामा सुरतेतल्या उधन्याला आहे.

फॉर्म बदलला. आधीच भरून येणाऱ्या गोष्टी फक्त नाव आणि फोन. गाव आणि पिन हाताने लिहायचे. शेवटी 'पाठवण्याआधी तपासा' असं एक पान येतं, ते चालू केलं. पुतण्या म्हणाला, लीड कमी होतील आणि महाग पडतील. होऊ देत.

१० मार्च

ही चूक मोठी आणि पूर्ण माझी.

नवीन लीड आता शीटमध्ये आपोआप येतात. वेळेचा रकाना बघून मी खूश होते. बहुतेक बाया सकाळी आठ ते साडेनऊच्या मध्ये फॉर्म भरत होत्या. म्हटलं, सकाळी मोकळ्या असतात, त्याच वेळी फोन लावू. चार दिवस सकाळी साडेआठला फोन लावत बसले. कुणी उचलेना. उचलला तर मागे कुकरची शिट्टी, पोरांचा डबा, आणि एका घरी म्हातारबाबा : "ती वावरमा जायेल शे, सांजले लावा." म्हणजे ती शेतात गेलीय, संध्याकाळी लावा.

आज आमच्या यांनी सहज विचारलं, "सकाळी आठ वाजता कोणती बाई मोबाइल बघत बसते गं?" मग नीट बघितलं. वेळेच्या मागे +०००० असं शेपूट आहे. म्हणजे ती ग्रिनिचची वेळ, आपल्याकडची नव्हे. साडेपाच तास मिळवायचे. ०८:४२ म्हणजे दुपारचे २:१२. १६:५० म्हणजे रात्रीचे १०:२०.

साडेपाच तास मिळवल्यावर सगळं चित्र जागच्या जागी बसलं. दुपारी दोन ते तीन : जेवणं झाली, भांडी झाली, पुरुष बाहेर, पोरं शाळेत. रात्री दहानंतर : सगळे झोपले. हे दोनच तास तिचे असतात. दुपारच्या वेळेत भरलेला फॉर्म असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फोन लावायचा. रात्री भरलेला असेल तरीही दुपारीच लावायचा, रात्री कुणाच्या घरी फोन करायचा नाही.

दुपारी सव्वादोन ते तीन या पाऊण तासात आज ११ फोन लावले, ८ उचलले गेले. आधीच्या चार दिवसांत मिळून ७.

१७ मार्च

होळी-धुळवडीचे दिवस गेले. धुळ्याला एक दिवस मशीन नेऊन दाखवायचं ठरवलं होतं, ओळखीच्यांच्या हॉलमध्ये. पुतण्याने पिनकोडचे पहिले तीन आकडे धरून यादी केली, ४२४ म्हणजे धुळं, ४२५ म्हणजे जळगाव-नंदुरबार. दिसायला बरोबर. धुळे शहराचा ४२४००१, जळगावचा ४२५००१.

फोन लावले तर चाळीसगावची बाई म्हणते, आमचा जिल्हा जळगाव आहे हो. पाचोऱ्याची म्हणते, जळगाव मला गाडीने तासाभरावर, मी धुळ्याला कशाला जाऊ? आणि शिरपूर, जे धुळे जिल्ह्यात आणि धुळ्याहून हायवेने सरळ, त्याचा पिन ४२५४०५. त्या पाच जणींना आम्ही जळगावला बोलावून बसलो होतो. टपालखात्याच्या वाटा आणि जिल्ह्याच्या हद्दी वेगळ्या, हे पोस्टमनला माहीत असतं, आम्हाला नव्हतं.

धुळ्याला आल्या तिघी. हॉलचं भाडं नव्हतं, पण टेम्पोचे २,२०० गेले.

आता पिनवरून जिल्हा काढत नाही, तालुका काढते आणि मग नकाशावर बस कुठून येते ते बघते. पिनचा खरा उपयोग दुसराच निघाला : बोलायला सुरुवात कशी करायची ते ठरतं. अमळनेर, शिरपूर, साक्री असेल तर दोन वाक्यांनंतर मी अहिराणीवर येते, समोरची लगेच सैल होते. यावल-रावेरकडे लेवा बोली, ती मला कळते पण बोलता येत नाही, तिथे साधी मराठी. अक्कलकुवा-धडगावकडचा पिन असेल तर सावकाश, सोप्या शब्दांत, कारण समोरच्या ताईची घरची भाषा भिली किंवा पावरी असू शकते आणि मराठी तिची शाळेतली.

आडनावावरून मात्र काही काढायला जाऊ नका. खान्देशात 'पाटील' म्हटलं की काहीच कळत नाही, लेवा असतील, मराठा असतील, गुजर असतील. पुतण्याने एकदा "म्हणजे तुम्ही अमुक ना?" असं विचारलं आणि ताईंनी पुढे बोलणंच संपवलं. बरोबर केलं.

२० मार्च

फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'मशीन कधी घ्यायचं आहे?' पर्याय : लगेच / महिन्याभरात / फक्त माहिती. ६१ पैकी ४४ जणींनी 'लगेच' दाबलं होतं आणि आम्ही त्या 'लगेच'वाल्यांना आधी फोन केले होते. 'लगेच' हा पहिला पर्याय होता, एवढंच त्याचं कारण. मागच्या आठवड्यात क्रम उलटा केला तर निम्म्याहून जास्त जणींना 'फक्त माहिती' हवी आहे. त्या रकान्यावर माझा आता काडीचा विश्वास नाही.

त्याच्या जागी एक उघडा प्रश्न टाकला, 'सध्या घरी काय बनवता?' आणि खाली रिकामी जागा. ओळीतली ही एकच गोष्ट बाई स्वतःच्या हाताने लिहिते. या आठवड्यातली उत्तरं जशीच्या तशी :

'उडीद पापड ५ किलो रोज'. ही धंद्यात आहे, हात दुखतात म्हणून मशीन हवंय. तिला भाव सांगायची घाई नको, ताशी किती पापड निघतील ते सांगायचं.

'कुरडया शेवया पण ऑर्डर नसते'. हिला मशीनची अडचण नाहीच, गिऱ्हाइकाची आहे. हिला मशीन विकलं तर ते माळ्यावर जाणार आणि माझं नाव गावभर.

'बिबडे'. इथे मी अडकले. बिबडे म्हणजे ज्वारी भिजवून, वाळवून, भरडून, तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या फडक्यावर हाताने थापायचे. पापडाच्या मशीनमध्ये ते होत नाहीत. तिला ते आधीच सांगावं लागेल, फार तर भरडायला पल्व्हरायझर कामाला येईल.

'काम पाहिजे'. अशा १३. आमच्या जाहिरातीत 'घरबसल्या उद्योग' असं लिहिलं होतं. तिने वाचलं 'घरबसल्या काम'. तिला पगार हवाय आणि मी २४,५०० चं मशीन घेऊन उभी. चूक तिची नाही. जाहिरातीतलं वाक्य बदललं, आता सरळ 'पापड मशीन, किंमत २४,५०० पासून' असं लिहिलंय.

'माल परत घेता का'. अशा ६. हे वाचलं की मी खुर्चीत सरळ बसते. वातीचं, अगरबत्तीचं मशीन विकायचं, 'तुम्ही बनवा, माल आम्ही घेऊ' म्हणायचं, दोन महिने माल घ्यायचा आणि मग फोन बंद, हा खेळ आपल्याकडे गावोगाव झालाय. हे विचारणारी बाई एक तर फसलेली असते किंवा तिची जाऊ फसलेली असते. तिला फोन लावताना माझं पहिलं वाक्य हेच : "ताई, आम्ही माल परत घेत नाही. मशीन विकतो, चालवायला शिकवतो, दुरुस्ती करतो." काही जणी तिथेच ठेवतात. सहापैकी दोघी अजून बोलतायत.

२४ मार्च

हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहिते.

अमळनेरकडची एक लीड होती. वेळ २०:०३, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १:३३. उत्तरात लिहिलेलं : 'बिबळे. मिशन केवढ्याला'. मी ओळ नीट वाचली होती, माझं मलाच कौतुक वाटत होतं. एवढ्या रात्री जागून लिहितेय म्हणजे मनात पक्कं आहे, स्वतः बिबडे करते, फक्त भाव अडलाय. दुपारी सव्वादोनला फोन लावला. उचलला. मी म्हटलं, "ताई, तुम्ही परवा रात्री दीड वाजता आमचा फॉर्म भरला होता ना, बिबड्यांसाठी..."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे क्षणभर शांतता, फक्त पंख्याचा आवाज. मग दुसऱ्याच बाईचा, वयस्कर, अजिबात न चढलेला आवाज : "रातले दीड वाजता? काय भरं व तू?"

पहिलीने काही उत्तर दिलं नाही. फोन कट झाला. संध्याकाळी लावला तर एक रिंग होऊन बंद. ब्लॉक केलं असणार.

मी तिच्याबद्दल काय वाचलं ते मला माहीत असणं वेगळं आणि मी ते बोलून दाखवणं वेगळं. तिने दीड वाजता का भरलं याचा विचार केला असता तर कळलं असतं : घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ओळीत ते स्पष्ट लिहिलेलं होतं आणि तेवढंच मी वाचलं नाही.

वहीत नवा रकाना काढला : 'पहिलं वाक्य'. फोन लावायच्या आधी तोंडातून निघणारं पहिलं वाक्य लिहून काढायचं. त्यात वेळ नाही, तिने काय लिहिलं ते नाही, फॉर्मचा उल्लेखही नाही. "नमस्कार ताई, जळगावहून बोलतेय, पापड-मसाला मशीनचं दुकान आहे. आत्ता बोलायला जमेल की मी नंतर करू?" एवढंच. ती म्हणाली 'नंतर', तर कधी ते तिलाच विचारायचं. बाकी वाचलेलं सगळं आपल्या पोटात ठेवायचं, आणि त्यावरून काय विचारायचं, काय नाही, ते ठरवायचं.

१ एप्रिल

पुतण्याने मला न सांगता १,५०० रुपयांना कुणाकडून तरी ५,००० महिलांचे नंबर विकत आणले. 'उद्योजक महिला डेटा'. ओळीत नाव आणि नंबर, बाकी काही नाही. वाचायला काहीच नाही. त्याने ४० फोन केले. एक म्हणाले, १९०९ वर, म्हणजे नको असलेल्या फोनच्या तक्रारीच्या नंबरवर, तक्रार करतो. त्यांचं बरोबर आहे. ज्यांनी विचारलंच नाही त्यांना आपल्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचे फोन करणं ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमात बसत नाही. फाइल डिलीट केली. १,५०० खर्चात धरले, पुतण्याच्या खर्चात.

३ एप्रिल

'सबसिडी' हा शब्द उत्तरात आला की फोन दहा मिनिटांचा होतो. मागच्या आठवड्यात एका ताईंनी २,००० बुकिंगचे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, सबसिडी कधी कापून घेणार? त्यांना वाटत होतं दुकानातच ३५ टक्के कमी होतात. पैसे परत केले.

केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची जी योजना आहे, पीएमएफएमई, तिच्यात ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख, पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं. किमान १० टक्के स्वतःचे घालायचे, कर्ज मंजूर व्हायचं, अनुदान कर्जखात्यात जमा होतं. म्हणून अशा लीडला घाईने बुकिंग घ्यायचं नाही. तिला जीएसटीसह कोटेशन हवं असतं, बँकेच्या फाइलीला लावायला. ते त्याच दिवशी द्यायचं आणि वाट बघायची. आधी रोखीने मशीन घेऊन मग अनुदान मागायला गेली तर ती अडकते आणि शिव्या आपल्याला.

गावाच्या पुढे 'बचत गट' लिहिलं असेल तर अजून वेगळं. एकटी ताई ठरवत नाही, गटाच्या बैठकीत ठरतं. बैठक कधी आहे एवढंच विचारायचं. गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सभासदाला याच योजनेत ४०,००० पर्यंत बीजभांडवल मिळू शकतं, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. ते सांगितलं की फोन ठेवताना आवाज बदललेला असतो.

आणि पत्त्यात 'मळा', 'वस्ती', 'गट नंबर' असं काही असेल तर लाइटीचं आधी विचारा. गावठाणातली लाइट वेगळी, शेतीच्या फीडरवरची वेगळी. शेतीची लाइट दिवसातून आठेक तास, तीही पाळीने, कधी रात्री. सिंगल फेज मोटर असली तरी ताई पापड काय रात्री दोन वाजता लाटणार?

९ एप्रिल

लीड विकणारी एक साइट आहे, तिचं ६,००० चं पॅकेज घेतलं होतं. १४ लीड आल्या. ओळ फार नटलेली असते : संख्या १, उपयोग 'व्यावसायिक', अंदाजे ऑर्डर २० ते ५० हजार. हे सगळं साइटच भरते. एका बाईला फोन लावला तर ती म्हणाली, "सकाळपासून तुमचा पाचवा फोन." तीच चौकशी पाच जणांना विकलेली. आणि तिला हवं होतं ४०० रुपयांचं हाताने दाबायचं पापड यंत्र.

१४ पैकी ६ हाताच्या यंत्राच्या. पॅकेज पुन्हा भरलं नाही.

१६ एप्रिल

शहाणपणा नडला. दीड महिना ओळी वाचून वाचून मला वाटायला लागलं होतं की मला सगळं दिसतं. एका लीडमध्ये नावाच्या जागी नुसतं 'आई', पिन अक्कलकुव्याचा, 'काय बनवता'च्या पुढे 'हो'. वहीत मी प्रत्येक लीडला अ ते ड असं अक्षर देते, हिच्यापुढे 'ड' लिहिलं. ड म्हणजे फोन करायचा नाही.

नऊ दिवसांनी पुतण्याने कंटाळून 'ड'वाल्यांना लावले. त्या ताई आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहेत, फॉर्म मुलीने भरून दिला होता, आणि दोघी-तिघींनी मिळून मसाल्याची मशीन घ्यायची म्हणून त्यांनी पैसे जमवून ठेवले होते. "तुमचा फोन येईल म्हणून आठ दिवस थांबलो, मग नाशिकवाल्यांकडून घेतली." ३१,००० चा पल्व्हरायझर.

वहीतला 'ड' खोडला. आता अ, ब, क एवढंच, आणि क म्हणजे उशिरात उशिरा तिसऱ्या दिवशी. ओळ वाचायची ती काय बोलायचं ते ठरवायला. बोलायचंच नाही हे ओळीवरून ठरवायला नको होतं.

२९ एप्रिल

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. चार दिवसांपासून लीडमध्ये गंमत चालू आहे. गाव एक, नंबर दुसऱ्याच आडनावाच्या माणसाचा, ट्रू-कॉलरवर भाऊ दिसतो. सासुरवाशिणी माहेरी आल्यात. माहेरचं वायफाय, भावाचा फोन, दुपारभर झोका. फॉर्म भरायला याहून चांगला मुहूर्त नाही. शिवाय आखाजीला सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचं, साल बदलतं, हिशेब होतात, घरात पैसा हलतो.

पण मशीन जाणार सासरी. म्हणून या आठवड्यातल्या लीडला पहिला प्रश्न गावाचा नाही, "तिकडे कधी परत जाणार?" हा. त्याच्या आत दुकानात आली तर आली. या ११ जणींना उद्या सण म्हणून फोन नाही. परवापासून दुपारी.

४ मे, रविवार

११ पैकी ४ जणी दुकानात येऊन गेल्या, दोन मशीनं गेली.

त्यातली एक धरणगावकडच्या पिनवरून आलेली. नंबर भावाचा. उत्तरात लिहिलेलं : 'बिबळे आणि उडीद. मिशन'. बिबडे हा शब्द या दोन महिन्यांत निदान वीस जणींनी लिहिला असेल, 'ळ' लावून लिहिणाऱ्या दोनच. मी लिहून ठेवलेल्या पहिल्या वाक्याबाहेर गेले नाही.

आली भावाच्या मोटारसायकलवर. मी आधीच सांगितलं, बिबडे यात होणार नाहीत. उडदाचा पापड होईल, आणि ज्वारी भरडायला हा पल्व्हरायझर. भाऊ किंमत विचारत होता, ती मोटर विचारत होती : किती एचपी, आवाज किती येतो, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल का. यांनी मशीन चालू करून दाखवलं. ती खाली वाकून, मोटरच्या कव्हरवर तळहात ठेवून थरथर बघत बसली मिनिटभर.

मार्चमधली ती हीच का, असेलही, नसेलही. मी विचारलं नाही. अर्धा एचपीचं पापड मशीन घेतलं, १५,००० रोख, बाकीचे भाऊ पुढच्या महिन्यात देणार. घरपोच नको म्हणाली, टेम्पो भावाच्याच दारात उतरवायला सांगितला.

११ मे, रविवार

३ मार्च ते आजचा हिशेब. जाहिरात २०,९००. साइटचं पॅकेज ६,०००. धुळ्याचा टेम्पो २,२००. डेटाचे १,५००. लीड २४४, म्हणजे जाहिरातीतली एक ८६ रुपयांना, पूर्वीच्या ४९ च्या जागी. पुतण्या महाग होतील म्हणाला होता, झाल्या. एक ओळ वाचायला तीन-चार मिनिटं लागतात. १३१ जणींशी बोलणं झालं, ३१ जणींनी मशीन बघितलं, ११ जणींनी घेतलं. दोघींच्या बँकेच्या फाइली अजून अडकलेल्या आहेत, त्या यात नाहीत.

वाळवणाचा हंगाम संपत आला, जाहिरात परवा बंद करते. दिवाळीच्या आधी चालू करायची तेव्हा फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवायचाय : 'तुम्हाला फोन कधी केलेला चालेल?' हा पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. आणि पर्यायांत 'फोन नको, मी स्वतः येईन' हाही ठेवायचा, दुकानाच्या पत्त्यासह.